नाणेघाट आणि प्रयोगशाळा

जुन्नर शहराच्या पश्चिमेस, जेथे देश संपतो आणि सह्याद्रीचा कडा एकदम कोकणात कोसळतो, तेथे खडक फोडून काढलेली एक अरुंद खिंड आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारा आणि तिकडून वर येणारा माल दोन हजार वर्षांपूर्वी याच नाणेघाटाने ये-जा करीत असे. खिंडीच्या तोंडाशी कोरलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची यादी देताना गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांच्या संख्या ब्राह्मी अंकांत नोंदविल्या असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या प्राचीनतम पुराव्यांत या लेखाची गणना होते. लेण्यापासून थोड्याच अंतरावर एक प्रचंड दगडी रांजण आहे, आणि घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा होत असे, असे परंपरा सांगते. अंकविद्येचा पुरावा आणि जकातीचा रांजण असे हाकेच्या अंतरावर नांदत असलेले पाहून, विद्या आणि व्यवहार यांचे वैर असलेच पाहिजे ही आपली समजूत फारशी जुनी नसावी, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील लेणीही याला दुजोरा देतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख तेथे आहे. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे रक्कम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. आणि दात्यांमध्ये यवनांचीही नावे आहेत. पुढे मराठेशाहीत याच गावच्या कागदी कारागिरांनी केलेला जुन्नरी कागद दफ्तरखान्यांतून नावाजला गेला. कसब, भांडवल, पेठ आणि दूरदेशीचा गिऱ्हाईक या चारही गोष्टींची जुळणी करण्याची कला या मुलखाला नवीन नाही. नवीन आहे तो प्रश्न असा: ज्याने आपले आयुष्य प्रयोगशाळेत घालविले, त्या शास्त्रज्ञाला ही कला शिकविता येते काय, आणि शिकवावी काय?

जगभर आज या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देण्यात येत आहे. विद्यापीठांतून आणि सरकारी प्रयोगशाळांतून शास्त्रज्ञांसाठी व्यवसायशिक्षणाचे वर्ग चालतात. एखादा शोध कारखान्यापर्यंत आणि तेथून घराघरापर्यंत कसा न्यावा, त्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, कसे घ्यावे, खर्चाचा हिशेब कसा मांडावा, भांडवल कोठून आणावे, हे त्यांत शिकवितात. या शिक्षणाचे मर्म समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. जुन्नर तालुक्यातल्याच नारायणगावाहून काही कोसांवर असलेल्या खोडदला जावे.

खोडदच्या माळावर जी महाकाय जाळीदार तबके आकाशाकडे तोंड करून उभी आहेत, ती जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, या रेडिओ दुर्बिणीची अंगे होत. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती चौकात दाटीने उभ्या असून उरलेल्या १६ तीन भुजांवर विखुरलेल्या आहेत, आणि हा सारा विस्तार सुमारे २५ किलोमीटरांचा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप हे या दुर्बिणीचे शिल्पकार. त्यांची भारतातील पहिली रेडिओ दुर्बीण १९६५ साली कल्याणजवळ उभी राहिली, आणि तिच्या ३२ लहान तबकड्या ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेकडून भेटीदाखल आल्या होत्या. पुढे १९७० साली उटीला दुसरी दुर्बीण झाली, आणि त्यानंतर सह्याद्रीच्या आडोशामुळे मानवनिर्मित रेडिओ लहरींचा कोलाहल बेताचा असलेली ही जुन्नरची भूमी निवडली गेली. ज्या कल्याणाशी नाणेघाटाने जुन्नरचे नाते जोडले होते, त्याच कल्याणाहून, जरा वळसा घेऊन का होईना, विसाव्या शतकातील हे शास्त्र जुन्नरास पोचले.

या दुर्बिणीकडे केवळ खगोलशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तिचे अर्धेच मोठेपण कळते. भरीव पत्र्याची ४५ मीटरांची तबकडी वाऱ्यात तोलून धरावयाची तर पोलादाचा आणि पैशाचा डोंगर लागला असता. स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा स्टेनलेस पोलादाच्या तारेची जाळी ताणलेल्या दोरांच्या सांगाड्यावर बसविली; वारा जाळीतून निघून जातो, वजन उतरते आणि वजनाबरोबर खर्चही उतरतो. ही युक्ती काढताना या शास्त्रज्ञांना मालाचा भाव माहीत असावा लागला, देशातले कारखानदार काय करू शकतील आणि काय नाही याचा अदमास असावा लागला, मंजूर झालेल्या रकमेत आणि ठरल्या मुदतीत काम कसे बसवावे याचा विचार करावा लागला. हे सारे व्यवहारज्ञानच होय. ते त्यांनी कोणत्या वर्गात घेतले नाही. निकडीने त्यांना शिकविले. परंतु प्रत्येक शास्त्रज्ञाच्या वाट्याला अशी निकड आणि अशी प्रतिभा एकाच वेळी येत नाही, म्हणून वर्गांची गरज भासते.

मात्र दुर्बीण बांधणे निराळे आणि दुर्बिणीच्या विद्येतून बाजारात चालणारी वस्तू काढणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीचे बोलके उदाहरण, ज्यांच्या तबकड्या कल्याणला आल्या, त्या सीएसआयआरओनेच घालून दिले. पुढे तेथे दाखल झालेले जॉन ओसलिव्हन हे शास्त्रज्ञ १९७० नंतरच्या दशकात स्फोट पावणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांच्या रेडिओ खुणा शोधण्याच्या खटपटीत होते. त्या खुणा काही सापडल्या नाहीत. पण विस्कटलेल्या लहरींतून स्वच्छ संदेश वेगळा काढण्याचे जे गणित त्यांनी हाताळले होते, ते पुढे घराच्या भिंतींवर आपटून विस्कटणाऱ्या लहरींना लागू पडले, आणि बिनतारी संगणक-जाळ्याच्या, म्हणजे आज आपण ज्याला वाय-फाय म्हणतो त्याच्या, मुळाशी जाऊन बसले. या तंत्राचे अमेरिकी एकस्व संस्थेला १९९६ साली मिळाले. तरीही पैसा आपण होऊन चालत आला नाही. मोठमोठ्या कंपन्यांनी तंत्र वापरले आणि मोबदला देण्यास नकार दिला. वर्षानुवर्षे दावे चालले. आणि २००९ व २०१२ या सालांतील तडजोडींनंतर संस्थेच्या पदरात एकूण ४३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक रक्कम पडली. त्या वेळी कोणी कागद वेळेवर दाखल केला नसता, कोणी दस्तऐवज जपून ठेवले नसते, तर ही लक्ष्मी ज्या दाराने आली ते दार बंदच राहिले असते.

शोध आणि बाजार यांच्यामध्ये असा एक कडा आहे. वर पठारावर विद्येचा माल तयार असतो, खाली बंदरात गलबते उभी असतात, आणि दोहोंच्या दरम्यान घाट खोदलेला नसतो. नासा या अमेरिकी संस्थेने तंत्रज्ञानाची सिद्धता मोजण्यासाठी ९ पायऱ्यांची एक मोजपट्टी रूढ केली आहे: पहिली पायरी म्हणजे नुसते तत्त्व ध्यानात आले, आणि नववी म्हणजे वस्तू प्रत्यक्ष वापरात सिद्ध झाली. सरकारी अनुदान खालच्या तीन-चार पायऱ्यांना मिळते, कारण तोवर ते संशोधन असते. कारखानदार सातव्या-आठव्या पायरीवर हात पुढे करतो, कारण तोवर जोखीम उतरलेली असते. मधल्या पायऱ्यांचा धनी कोणीच नसतो, आणि अनेक शोध तेथेच अडकून पडतात.

हा घाट खोदण्याचे प्रयत्न आपल्या देशात फार पूर्वीपासून चालू आहेत. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद १९४२ साली निघाली. प्रयोगशाळांतील शोध उद्योगांच्या हवाली करण्यासाठी राष्ट्रीय संशोधन विकास निगम १९५३ साली स्थापन झाले. आणि पुण्याच्या पाषाण भागात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. या प्रयोगशाळेचे संचालक आणि पुढे परिषदेचे महासंचालक झालेले गोमंतकपुत्र रघुनाथ माशेलकर यांनी, शोधनिबंध छापण्याआधी एकस्वाचा अर्ज करावा, हा विचार सरकारी शास्त्रज्ञांच्या अंगवळणी पाडण्यासाठी अविश्रांत खटपट केली. त्यांच्या काळात पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकसंबंधीच्या पुण्यातील संशोधनाकडे जनरल इलेक्ट्रिकसारख्या बलाढ्य अमेरिकी कंपनीचे लक्ष वेधले आणि तिने या प्रयोगशाळेशी करार केला. याच प्रयोगशाळेच्या आश्रयाने २००७ साली व्हेंचर सेंटर ही संस्था उभी राहिली. नवउद्योजक शास्त्रज्ञाला जागा, उपकरणे, सल्ला आणि एकस्वाच्या कामात मदत देणे हे तिचे काम. जैवतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात केंद्र सरकारने २०१२ साली बायरॅक ही संस्था काढली, आणि तिच्या एका योजनेतून, कल्पनेत जीव आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. मधल्या, बेवारस पायऱ्यांवर पाय ठेवण्याची ही तजवीज आहे.

परंतु पैशाची तजवीज झाली तरी मनाची तयारी उरतेच, आणि व्यवसायशिक्षणाचा खरा गाभा तेथे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०११ साली ‘आय-कोअर’ नावाचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्याचे धोरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. स्टीव्ह ब्लँक या उद्योजक-अध्यापकाच्या पद्धतीवर आधारलेल्या या शिक्षणात शास्त्रज्ञाला आधी हिशेब किंवा जाहिरात शिकवीत नाहीत. त्याला सुमारे ७ आठवड्यांत १०० माणसांना प्रत्यक्ष भेटावयास लावतात. ही माणसे म्हणजे त्याच्या शोधाचे संभाव्य गिऱ्हाईक, दलाल, कारखानदार आणि अधिकारी. भेटीची अट एकच, की आपली वस्तू विकावयाची नाही. समोरच्याची अडचण ऐकावयाची. ज्या शास्त्रज्ञाने वीस वर्षे इतरांना समजावून सांगण्यात घालविली, त्याला ही अट किती जड जात असेल, याची कल्पना शिक्षकी पेशातील वाचकांना सहज येईल.

समजा, पुण्यातील एखाद्या तरुण संशोधिकेने टोमॅटो आठवडाभर अधिक टिकविणारा, निर्धोक असा एक लेप शोधून काढला, आणि शेतकरी तो हातोहात घेतील असे मानून ती नारायणगावच्या टोमॅटो बाजारात आली. जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या या उपबाजारात हंगामात पहाटेपासून क्रेटांनी भरलेले टेम्पो लागतात. ती एखाद्या बागाईतदाराला गाठून विचारील, तेव्हा तो म्हणेल, की माझा माल आजच्या आज विकला जातो आणि संध्याकाळपर्यंत पट्टी हातात पडते. आठवडाभर टिकवून मी काय करू? ती अडत्याकडे जाईल, तर तो सांगेल की दूरच्या बाजारपेठांना माल धाडणाऱ्या व्यापाऱ्याला विचारा, नासाडी त्याच्या गाडीत होते. व्यापारी ऐकून घेईल आणि विचारील की लेप लावलेल्या फळाला अन्नसुरक्षेचा परवाना आहे काय, आणि क्रेटामागे खर्च किती. एवढ्यात भाव कोसळलेला एखादा दिवस उजाडेल, तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून माल रस्त्याच्या कडेला ओतलेला तिला दिसेल, आणि त्या ढिगासमोर उभे राहून तिच्या ध्यानात येईल, की या शेतकऱ्याची अडचण फळ सडण्याची नव्हती, एकाच वेळी सर्वांचे फळ पिकण्याची होती. तिचा लेप खोटा ठरला नाही. त्याचा गिऱ्हाईक निराळा ठरला. प्रयोगशाळेत गृहीतक चुकले म्हणून कोणी शास्त्रज्ञ रडत बसत नाही, दुसरे गृहीतक मांडतो; हीच शिस्त बाजारात पाळावयास शिकणे, एवढाच या विद्येचा पहिला पाठ आहे.

हा पाठ महाराष्ट्राने पूर्वी एकदा पाहिला आहे. मुंबईच्या तंत्रशिक्षणसंस्थेतील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात कारखाना काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी त्याला शिवेनात, आणि पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. नांगर उत्तम होता. विश्वास तयार व्हावयाचा होता, आणि तो कारखान्याच्या भट्टीत ओतता येत नव्हता. याउलट नारायणगावच्याच परिसरात १९८० नंतरच्या दशकात शॅम्पेनच्या धर्तीची फेसाळ द्राक्षमदिरा फ्रेंच तंत्राच्या साहाय्याने तयार करून परदेशी धाडण्याचा जो धाडसी उद्योग उभा राहिला, त्याचे तंत्र वाखाणले गेले, नाव दूरवर गेले, आणि तरीही विस्तार व कर्ज यांचा मेळ न बसल्यामुळे तो उद्योग अखेर बुडाला. तंत्र पक्के आणि ताळेबंद कच्चा, ही जोडी दीर्घकाळ टिकत नाही.

द्राक्षांचीच गोष्ट निघाली म्हणून आणखी एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एआरआय-५१६ नावाचे द्राक्षाचे संकरित वाण काढले आहे. ते बुरशीजन्य रोगांना दाद देत नाही, छाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत तयार होते आणि रसासाठी विशेष चांगले आहे. जुन्नरचा बागाईतदार मात्र खाण्याच्या काळ्या द्राक्षांचा वाकबगार. निर्यातीच्या घडाचा आकार, मण्याची फुगवण, रंग यांवर त्याची सारी मेहनत. रसाचे द्राक्ष लावावयाचे तर रसाचा कारखाना कोठे, भाव कोण बांधून देणार, करार किती वर्षांचा, हे त्याचे प्रश्न. आणि रसाचा कारखाना काढणाऱ्याचा प्रश्न असा, की द्राक्षे पुरेशी मिळतील याची हमी काय. वाण, बाग आणि कारखाना ही तीन गाडी एकाच वेळी हलली पाहिजेत. त्यात आपल्या कायद्याप्रमाणे वनस्पतीवर एकस्व मिळत नाही. नव्या वाणाचे संरक्षण २००१ च्या निराळ्या कायद्याखाली होते, आणि त्यात शेतकऱ्याचेही हक्क राखून ठेवलेले आहेत. हे सारे ज्याला ठाऊक नाही, तो शास्त्रज्ञ कितीही थोर असला तरी त्याचे वाण संस्थेच्या आवारातच फुलत राहण्याचा संभव अधिक.

अशा वेळी नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र यासारख्या संस्थांचे महत्त्व कळते. शेतकऱ्याच्या बांधावर प्रयोग घेणे आणि त्याचे प्रात्यक्षिक गावाला दाखविणे हे अशा केंद्रांचे नेमलेले काम. पण त्या निमित्ताने शास्त्रज्ञाला जी उलटतपासणी सोसावी लागते, ती कोणत्याही व्यवसायशाळेच्या तोंडी परीक्षेहून कठीण असते.

आता जुन्नर आणि शेजारचा आंबेगाव या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्याकडे वळू. भीमाशंकराच्या आणि डिंभे धरणाच्या बाजूच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे हिरड्याची कोवळी फळे गोळा करून वाळवितात. बाळहिरडा म्हणून ती विकली जातात. हिरड्यातील टॅनिन कातडे कमावण्यास उपयोगी पडते, आणि त्रिफळ्यात तर तो आहेच. उद्या एखाद्या शास्त्रज्ञाने हिरड्यापासून मौल्यवान अर्क काढला तर त्याला व्यवसायाच्या वर्गात आणखी एक प्रकरण शिकावे लागेल: २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे अशा व्यापारी उपयोगातील लाभाचा वाटा ज्यांनी ते वन आणि ते ज्ञान राखले त्यांनाही मिळावा, असे तत्त्व घालून दिलेले आहे. नफा कसा काढावा हे शिकविणारे शिक्षण, नफ्यात कोणाकोणाची भागी आहे हे शिकविणार नसेल, तर ते अर्धवट म्हणावे लागेल.

आणि काही शास्त्र असे आहे की ज्याला गिऱ्हाईकच नसतो. आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी, अतिवृष्टीने सुटलेल्या डोंगराच्या दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. दरडीची आगाऊ सूचना देणारे यंत्र तयार झाले, तर ते विकत कोण घेईल? डोंगरउतारावरच्या वाडीजवळ पैसा नसतो. धोका टळल्यावर त्याची किंमतही कोणाच्या हिशेबात दिसत नाही. अशा शोधाचा खरीददार सरकारच असू शकते, आणि सरकारी दफ्तरातून अंदाजपत्रक, निविदा, तांत्रिक मंजुरी आणि देखभालीची कायम तरतूद या पायऱ्या ओलांडून वस्तू वाडीपर्यंत नेणे, हेही व्यवहारकौशल्यच आहे. किंबहुना ते खाजगी बाजारातल्याहून अधिक चिकाटीचे आहे. शास्त्रज्ञाला धंदा शिकविणे म्हणजे त्याला बनिया करणे, असा आक्षेप घेणाऱ्यांनी माळीणचा विचार करावा. ज्याला कोठे अर्ज करावा हे कळत नाही, त्याचे निःस्वार्थ शास्त्रही कपाटातच राहते.

तरीही आक्षेपात तथ्यांश आहे, तो नाकारून चालणार नाही. खोडदच्या दुर्बिणीने मोजलेल्या दूरच्या आकाशगंगांतील हायड्रोजनला आणि स्पंदकांच्या ठोक्यांना बाजारभाव नाही, आणि तो असावा अशी अपेक्षाही कोणी करू नये. ओसलिव्हन यांना वाय-फाय काढावयाचे नव्हते. ते कृष्णविवरे शोधत होते. त्यांच्या संशोधनाच्या अर्जावर ‘या कामातून उत्पन्न काय होईल’ असा रकाना भरून घेतला असता, तर तो कोराच राहिला असता. म्हणून व्यवसायशिक्षण हे शास्त्रज्ञाला उपलब्ध असावे, त्याच्यावर लादले जाऊ नये. ज्याचा माल घाट उतरण्याजोगा झाला आहे त्याला वाट दाखवावी, आणि ज्याचा माल अजून पिकतो आहे त्याला स्वस्थ पिकू द्यावे.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदची दुर्बीण सर्वांना पाहण्यास खुली होते. पंचक्रोशीतील शाळांची मुले आपापली उपकरणे प्रदर्शनात मांडतात, आणि त्यांच्या मागोमाग आईबापही येतात. एरवी क्रेटांचा हिशेब करणारा माणूस त्या दिवशी तबकडीखाली उभा राहून जाळीतून आरपार आकाश पाहतो, आणि शेजारच्या शास्त्रज्ञाला विचारतो, की वारा सुटला म्हणजे हे तबक हलत नाही का. प्रश्न साधा आहे. पण या दुर्बिणीच्या साऱ्या काटकसरीचे रहस्य त्याच प्रश्नाच्या उत्तरात आहे, आणि मांडवाला व द्राक्षाच्या तारांना वर्षानुवर्षे ताण देत आलेल्या त्या माणसाला ते उत्तर अर्ध्या वाक्यात समजते.